हमीचें व्याज आणि आगगाडीचा कारभार

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं, दुपारीं साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदराहून चौदा डब्यांची एक गाडी सुटली. तोफांची सलामी झाली. 'साहेब', 'सिंध' आणि 'सुलतान' या तीन एंजिनांनीं ती ओढली. आंत सुमारें ४०० निमंत्रित पाहुणे बसले होते. आणि २१ मैलांचें अंतर तास-सव्वा तासांत तोडून ती ठाण्यास येऊन पोंचली. ठाण्यास पाहुण्यांकरितां तंबू उभारले होते व फराळाची सिद्धता होती. हा प्रसंग शाळेंतील मुलांसही पाठ असतो. परंतु ज्या कागदाच्या बळावर ती गाडी चालली, त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. तो कागद म्हणजे ता. १७ ऑगस्ट १८४९ रोजीं ईस्ट इंडिया कंपनी व ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यामध्यें झालेला करारनामा होय. रूळ उघड्यावर असतात म्हणून ते सर्वांस दिसतात. करार दप्तरांत असतो. पण संस्था कशी चालेल, कोण काटकसर करील, कोण उधळील आणि अखेर कोणाच्या खिशास चाट बसेल, हें रुळांपेक्षां कराराच्या कलमांवरच अधिक ठरतें. ठाणें व कल्याण या दोन गांवांवरून गेलेल्या या रेल्वेचा पाऊणशें वर्षांचा कारभार त्याची साक्ष देतो.

मूळ करार लहान होता. मुंबईहून कल्याणपर्यंत, किंवा त्याच्या आसपासपर्यंत, सुमारें ३५ मैलांचा लोहमार्ग प्रयोग म्हणून बांधावयाचा, आणि त्यासाठीं ५ लाख पौंडांचें भांडवल उभारावयाचें, असें ठरलें होतें. नाना शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांनीं रेल्वेसाठीं १८४५ पासून खटपट केली होती. परंतु भांडवल मुख्यतः विलायतेंतून यावयाचें होतें, आणि अनोळखी देशांत पैसा गुंतविण्यास तेथील सावकार धजत नव्हता. त्याची भीति घालविण्यासाठीं सरकारनें हमी दिली. गुंतविलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याज मिळेलच. उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरींतून भरून निघेल. शिवाय जमीन ९९ वर्षांसाठीं फुकट. नफा ५ टक्क्यांहून अधिक झाल्यास त्यांतही कंपनीचा वांटा होताच. सरकारी तिजोरी म्हणजे अर्थातच रयतेचा सारा व मिठावरील कर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावें, तशांतला हा व्यवहार होता.

प्रयोगाचा पहिला भाग ठाण्याचा आणि दुसरा कल्याणचा. ठाण्यापुढें खाडी होती, तिच्यावर पूल घातले गेले, मुंब्र्याच्या बाजूस डोंगर आडवा आला, तो पोखरला गेला, आणि ता. १ मे १८५४ रोजीं गाडी कल्याणला पोंचली. डोंबिवली त्या काळीं या मार्गाच्या कडेचें एक खेडें होतें. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांची योग्यता थोर होती व काम भक्कम झालें, याविषयीं दुमत नाहीं. प्रश्न कामाच्या भक्कमपणाचा नव्हता. तें किती खर्चांत व्हावें, हें पाहण्याची तळमळ कोणास असावी, हा होता.

या कारभाराची रचना पाहण्यासारखी आहे. चालकमंडळ लंडनला बसे. त्यांचा एजंट मुंबईस असे. त्यांच्यावर देखरेख करण्यासाठीं सरकारनें आपला वेगळा सल्लागार इंजिनिअर नेमलेला असे, आणि नकाशा असो वा खर्चाचा अंदाज असो, तो त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढें सरकत नसे. एका घराला दोन कारभारी झाले. कंपनी म्हणे, सरकार अडवणूक करतें. सरकार म्हणे, कंपनी उधळते. दोघांचेंही म्हणणें कांहीं अंशीं खरें होतें. ज्याच्या हातांत खर्च होता त्याला तोटा नव्हता, आणि ज्याला तोटा होता त्याच्या हातांत केवळ नकाराचा अधिकार होता. हिंदुस्थानांत मैलामागें सुमारें ८ हजार पौंडांत रेल्वे होईल, असा आरंभींचा अंदाज होता. हमीच्या रेल्वेंचा प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहून अधिक झाला. माजी अर्थमंत्री मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना हें मर्म उघड केलें. पांच टक्के निश्चित मिळणार असल्यावर आपला पैसा हुगळींत बुडविला काय किंवा विटाचुन्यांत घातला काय, भांडवलवाल्यास त्याचें कांहींच वाटत नव्हतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

कल्याणपुढें मार्गाला दोन फांटे फुटले: एक कसाऱ्याकडे थळघाटाच्या पायथ्याशीं, दुसरा कर्जतच्या बाजूनें बोरघाटाच्या पायथ्याशीं. घाटांतील काम ठेकेदारांकडे, त्यांच्याकडून पोटठेकेदारांकडे व तेथून मुकादमांकडे असें खालीं उतरत जाई. बोरघाटांत एका वेळीं ४० हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. वरून निघालेला पैसा खालीं पोंचेपर्यंत किती हातांत अडके, याला सुमार नव्हता. १८५९ च्या आरंभीं थकलेल्या मजुरीवरून तेथें दंगा झाला. सरकारनें चौकशी केली, आणि १८६० सालीं मालक व मजूर यांच्या तंट्यांसंबंधीं कायदा झाला. मूळ ठेकेदार फॅव्हिएल यांनीं काम सोडलें. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांची विधवा पत्नी ॲलिस हिनें ठेका सोडून न देतां काम तडीस नेलें. १८६३ सालीं बोरघाट व १८६५ सालीं थळघाट खुला झाला. लंडनच्या सभेंत ज्या घाटाचा जमाखर्च चार ओळींत वाचला जाई, त्या घाटांत पटकीनें व अपघातानें किती जीव गेले, त्यांना त्या जमाखर्चांत रकाना नव्हता.

इ. स. १८७४ मध्यें, कराराला पंचवीस वर्षें झाल्यावर, रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारला होता. परंतु १८७० च्या सुमारास नवी तडजोड झाली. जुन्या हमीपोटीं कंपनीकडे निघणारी बाकी सरकारनें सोडून दिली. खरेदीचा हा पहिला हक्कही सोडला. आणि त्याच्या बदल्यांत ५ टक्क्यांवरील नफ्याचा अर्धा वांटा आपल्याकडे घेतला. ऐकावयास सौदा वाईट नाहीं. खोंच हिशेबाच्या पद्धतींत होती. हिशेब सहामाही असे. सुगीच्या सहामाहींत कापूस व धान्य भरभरून वाहिलें जाई व नफा होई. तेव्हां अर्धा वांटा कंपनीचा. पावसाळी सहामाहींत उत्पन्न घटे. तेव्हां तूट सरकारची. वर्षाचा हिशेब एकत्र केला असतां फायद्यानें तोट्याचें पोट भरलें असतें. तोडून केल्यामुळें फायदा वांटला गेला आणि तोटा एकट्याच्या पदरीं आला. त्यांत भर रुपयाच्या भावाची. करारांत रुपया १ शिलिंग १० पेन्सांचा धरला होता. चांदी उतरत गेली आणि १८९४-९५ च्या सुमारास रुपया १३ पेन्सांच्या आसपास आला. हमीचें व्याज मात्र पौंडांतच द्यावयाचें होतें.

या पद्धतीवर टीका झाली नाहीं असें नव्हे. सरकारनें १८६९ पासून स्वतः रेल्वे बांधण्याचें धोरण स्वीकारलें, तें हमीच्या खर्चानें पोळल्यामुळेंच. दादाभाई नवरोजींनीं देशाबाहेर जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, त्यांत रेल्वेचें व्याज होतें. गणेश व्यंकटेश जोशी यांनीं सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत सरकारी आंकड्यांचीच झडती घेतली. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें रेल्वेखर्चाचा प्रश्न काढला. रेल्वे नको, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. नफा खासगी आणि धोका सार्वजनिक, ही वांटणी अन्यायाची आहे, हें त्यांच्या टीकेचें सार होतें.

अखेर पन्नास वर्षें भरलीं आणि १९०० सालीं जी. आय. पी. रेल्वे सरकारच्या मालकीची झाली. पण येथें एक गंमत आहे. मालक बदलला, कारभारी मात्र तोच राहिला! नव्या करारानें २५ वर्षांपर्यंत तीच कंपनी सरकारच्या वतीनें रेल्वे चालविणार होती. ठाण्याच्या फलाटावरील प्रवाशाला कांहींच फरक दिसला नसेल. तीच पाटी, तेच गार्ड, तीच तिसऱ्या वर्गाची दाटी. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंकडून प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग येई आणि सोयींचा लहानसा भाग त्यांच्या वांट्यास जाई. महात्मा गांधींनीं १९१७ सालीं याच विषयावर पुस्तिका लिहिली. १९२० सालीं सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. कारभार सरकारनें करावा कीं हिंदुस्थानांतच मुख्य कचेरी असलेल्या कंपनीनें, यावर समितीचे दोन तट पडले. अध्यक्षांचें मत सरकारी कारभाराच्या बाजूस गेलें. १९२४ सालीं रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सामान्य अंदाजपत्रकापासून वेगळा काढला गेला, आणि १९२५ च्या जुलैपासून जी. आय. पी. ची मालकी व कारभार हीं दोन्ही सरकारकडे आलीं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत मुंबई ते कुर्ला ही विजेची गाडी सुरू झाली होती. पुढें १९२९-३० मध्यें विजेच्या तारा कल्याणवरून पुणें व इगतपुरीपर्यंत गेल्या, आणि त्यांसाठीं कल्याण-डोंबिवलीच्या मध्यें ठाकुर्लीस रेल्वेचें स्वतःचें वीजगृह उभें राहिलें.

एकाच रुळांवर कारभाराचे असे तीन प्रकार क्रमानें होऊन गेले: कंपनीची मालकी व कंपनीचा कारभार, सरकारची मालकी व कंपनीचा कारभार, आणि दोन्ही सरकारचीं. संस्थांच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांना यापेक्षां चांगलें साहित्य कोठें मिळणार? एरवीं अशी तुलना फसवी ठरते. सरकार बहुधा डबघाईस आलेलेच धंदे ताब्यांत घेतें. मग पुढील सुधारणा मालकामुळें झाली कीं वाईट दिवस आपोआप सरले, हें सांगतां येत नाहीं. पण येथें खरेदीच्या तारखा पन्नास वर्षांपूर्वींच करारांत लिहून ठेवलेल्या होत्या. रेल्वे त्या वर्षीं चांगली चालते कीं वाईट, याच्याशीं त्यांचा संबंध नव्हता. डॅन बोगार्ट व लतिका चौधरी या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १८७४ ते १९१२ या काळांतील हिंदुस्थानच्या रेल्वेंचे आंकडे गोळा करून २०१२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सरकारची मालकी आल्यानंतर रेल्वे चालविण्याचा खर्च वाढला नाहीं, उलट उतरला.

खासगी तेवढें काटकसरीचें आणि सरकारी तेवढें उधळें, असें मानणाऱ्यांस हा निष्कर्ष चमत्कारिक वाटेल. पण करार वाचलेल्यास त्यांत नवल वाटणार नाहीं. हमी होती तोंवर काटकसरीचें फळ चाखणारा कोणी नव्हता; मालकी आल्यावर वांचलेला रुपया सरकारच्या तिजोरींत पडूं लागला, म्हणून सरकारची नजर तीक्ष्ण झाली. मालकाच्या नांवानें फरक पडला नाहीं. तोटा व अधिकार एका ठिकाणीं आल्यानें पडला.

तथापि याच संशोधनांत दुसरीही एक गोष्ट आहे. खर्च उतरला तो बऱ्याच अंशीं नोकरवर्गावरील खर्च कमी करून. कंपनीची मालकी संपण्याच्या आदल्या वर्षीं, १८९९ च्या मे महिन्यांत, याच रेल्वेवरील तारवाल्यांनीं संप केला होता आणि टिळकांच्या पत्रांनीं त्यांची बाजू उचलून धरली होती. कारभार सरकारकडे आल्यावर पांचच वर्षांनीं, ता. ४ फेब्रुवारी १९३० रोजीं, जी. आय. पी. च्या कामगारांचा मोठा संप झाला. मालक बदलला, कारभारी बदलला. तक्रार तीच राहिली. तेव्हां खर्च उतरला म्हणजे कारभार सुधारला, असें एकदम म्हणतां येत नाहीं. तो कोणाच्या ताटांतून उतरला, हेंही विचारावें लागतें. घाटांतील मेलेल्या मजुराला जसा रकाना नव्हता, तसा कमी पगारावर राबणाऱ्या सांधेवाल्यालाही काटकसरीच्या कोष्टकांत नाहीं.

आज बोरीबंदर ते कल्याण या प्रयोगाच्या मार्गावर रोज लाखों माणसें ये-जा करतात. १९५१ सालीं जी. आय. पी. हें नांव जाऊन मध्य रेल्वे झाली; १९२४ पासून वेगळें असलेलें रेल्वेचें अंदाजपत्रक २०१७ सालीं पुन्हां सामान्य अंदाजपत्रकांत मिळालें. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें आतां नगरपालिकांच्या जागीं महानगरपालिका आल्या, सहकारी बँका, शाळा व गृहसंस्था उभ्या राहिल्या, आणि कामें ठेक्यानें देण्याचा प्रघात सर्वत्र पडला. अशा कोणत्याही संस्थेच्या सभासदानें ठरावाला हात वर करण्यापूर्वीं १८४९ च्या त्या कागदाचे तीन प्रश्न विचारावे: खर्च कोणाच्या हातांत आहे? तोटा झाला तर तो कोण भरणार? आणि ज्याच्या श्रमावर हें सारें चालणार, त्याचा रकाना कोठें आहे? पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर एकच नांव असेल, तर कारभार बरा चालण्याची आशा आहे. तिसऱ्याचें उत्तर मिळेपर्यंत मात्र हिशेब पुरा झाला असें समजूं नये.