हजार आणि वाटखर्च

रोमानिया म्हटलं की मला वर्गातला नकाशा आठवतो. प्लोएश्तचं तेल, डॅन्यूब नदी, काळा समुद्र... इतकी वर्षं मुलांना एवढंच शिकवलं. तिथली माणसं कुठे गेली, हे निवृत्तीनंतर वाचलं.

१९०० च्या सुमारास ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता. तिथले रोमानियन शेतकरी अमेरिकेत ओहायोतल्या पोलाद कारखान्यांत राबायला गेले. त्यांचा एक बोल होता, ‘हजार आणि वाटखर्च’. म्हणजे हजार डॉलर जमवायचे, वर परतीचं भाडं, की गावी येऊन जमीन घ्यायची! बरेच परतले. जे राहिले त्यांनी १९०४ मध्ये क्लीव्हलंडला आपलं चर्च स्थापलं. देव नेला की माणूस रुजला, असं समजावं.

पुढे साम्यवादी राजवटीत दारं बंद झाली. चाउशेस्कूच्या काळात जर्मन वंशाच्या लोकांना बाहेर सोडण्यासाठी पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजत असे. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली. मग कारखानेही बंद पडत गेले. २००२ पासून बिनव्हिसा प्रवासाची सोय झाली, २००७ मध्ये देश युरोपीय संघात आला, आणि गावंच्या गावं इटली-स्पेनकडे निघाली. भाषा लॅटिनच्याच लेकी, त्यामुळे लवकर जिभेवर बसतात. स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी खुडणाऱ्यांना मायदेशी ‘स्ट्रॉबेरीवाले’ हेच नाव पडलं. एकट्या इटलीत दहा लाखांहून अधिक रोमानियन आहेत.

त्यात बायका पुष्कळ. त्या इटलीतल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात, त्यांच्याच घरी राहून. इकडे त्यांची मुलं आजीपाशी वाढतात. अशा बायकांच्या खोल नैराश्याला २००५ मध्ये दोन युक्रेनी मानसोपचारतज्ज्ञांनी नावच दिलं, ‘इटली सिंड्रोम’. घर बांधून होतं, पण घरात राहायला कोणी नसतं.

हे वाचलं त्या दिवशी मला सांभाळणारी बाई स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत होती. तिची मुलगी गावी, आजीकडे असते. दोन वर्षं ती माझी औषधं वेळेवर देते आहे. मी जन्मभर मास्तरीण, पण तिची मुलगी कितवीत आहे, हे कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी विचारलं. सातवीत आहे म्हणे. इतिहास आवडतो तिला.