रविवारची सुटी आणि खानावळीचा घास

आरोग्य म्हटले की आपणांस दवाखाना आठवतो. गिरणगावचा इतिहास मात्र आणखी काही सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांस रविवारची सुटी मिळाली. ती सुटी जशी देहाच्या विश्रांतीची, तशीच माणसाने माणसास भेटण्याची होती.

कोकणातून, घाटावरून आलेला एकटा गडी गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवी, भजनाला बसे. तो तापाने फणफणला, तर पेज देणारे कोणीतरी जवळ असे. संपात खानावळवाल्या बायांनी कामगारांस उधारीवर जेवू घातले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांचेच अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले.

तथापि सोबतीने सारे रोग हटतात, असे कोणी समजू नये. त्याच दाटीच्या चाळींत १८९६ साली प्लेग शिरला आणि प्लेगच्या रुग्णांसाठी झटणारे लोखंडे १८९७ साली त्यालाच बळी पडले. हवा, पाणी आणि पुरेशी मजुरी यांवाचून निभाव नाही.

पण केवळ तेवढ्यानेही भागत नाही. अमेरिकेतील अलामिडा परगण्यात १९६५ पासून नऊ वर्षे सुमारे सात हजार माणसांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाला : नातीगोती, स्नेही, मंडळे यांपासून तुटलेल्यांत मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक. व्यसने व आधीचे आजार जमेस धरूनही फरक उरलाच.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. भरपाईच्या हिशेबात बुडालेला पगार धरतात. मोडलेली पंगत धरीत नाहीत. संघटनेने तरी ती धरली पाहिजे.