यवतमाळ जिल्हा : शहरी गरिबांचे राहणीमान

यवतमाळ हा मुख्यतः खेड्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख होती. त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा अशा शहरांत राहतो. मोठे कारखाने थोडे असल्याने गरीब कुटुंबे बांधकाम, हमाली, धुणीभांडी आणि कापसाच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगवर जगतात. शेतीचे वर्ष बुडाले की शहरातली मजुरीही आटते.

सर्वांत जाचक प्रश्न पाण्याचा. यवतमाळ शहराची भिस्त निळोणा व चापडोह या धरणांवर राहिली आहे. २०१७ मध्ये पाऊस कमी पडला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी आले नाही. ज्यांच्या गच्चीवर टाकी होती, त्यांनी टँकर विकत घेऊन निभावले. एका खोलीतल्या कुटुंबाची साठवण म्हणजे दारातला ड्रम आणि चार-सहा गुंड. त्यातच वरच्या घराने टिल्लू पंप लावला की खालच्या नळाची धार करंगळीएवढी होते. नळ येण्याच्या दिवशी बहुधा घरच्या बाईचीच मजुरी बुडते. बेंबळा धरणातून पाणी आणण्याची योजना अमृत अभियानातून हाती घेतली गेली. मोठा जलस्रोत हवाच; पण टाकी नसलेल्या घराला पाणी किती मिळते यापेक्षा ते किती दिवसांनी मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

धान्याचा आधार तुलनेने भक्कम आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. मात्र कायदा लागू करताना राज्याने शहरी कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेवली, म्हणजे महिना पाच हजारांहूनही कमी. दोघे नवरा-बायको नियमित कामाला जात असतील, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये वेगळी सवलत आली. शेत विकून शहरात आलेल्या मजुराकडे सातबाराच नाही, त्यामुळे तो तिच्याही बाहेर राहिला.

घराचेही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्या शहरी कुटुंबाला केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपये देतात, परंतु त्यासाठी जागा नावावर लागते. सरकारी जागेवरील झोपडीला आधी पट्टा मिळाला पाहिजे. तोवर हे अनुदान मिळत नाही.