अक्षरांचे अंक

एखादें मराठी पान संगणकाच्या पडद्यावर उघडावें आणि ‘अ’च्या जागीं डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाची एक अपरिचित खूण व तीन टिंबें उमटावींत, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. ह्या गोंधळास एक इतिहास आहे.

संगणक अक्षर जाणत नाहीं. तो अंक जाणतो. कोणत्या अक्षरास कोणता अंक, हें ठरविणारा तक्ता माणसानें करावयाचा असतो. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या ‘आस्की’ तक्त्यांत अवघीं १२८ स्थानें होतीं. इंग्रजीस तीं पुरलीं. पुढें आणखी १२८ स्थानें जोडून युरोपांतील इतर भाषांनीं आपापली सोय केली. भारतीय लिप्यांकरितां १९९१ सालीं ‘इस्की’चें मानक निघालें. परंतु छपाईच्या व्यवहारांत निरनिराळ्या फॉन्टांनीं रोमन अक्षरांच्याच जागीं, ज्याच्या त्याच्या क्रमानें, देवनागरी आकृती बसविल्या. एका फॉन्टांत लिहिलेला मजकूर दुसऱ्यांत उघडला कीं अर्थ नाहींसा होई.

हा भेद मिटविण्यासाठीं १९९१ सालींच ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति आली. त्यांत ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे. १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनीं ‘यूटीएफ-८’ ही लेखनपद्धति योजिली. तींत तोच ‘अ’ २२४, १६४, १३३ अशा तीन अंकांनीं लिहिला जातो. हे अंक जुन्या युरोपीय तक्त्यानें वाचले, कीं आरंभीं सांगितलेलीं चिन्हें उमटतात!

तेव्हां उपाय पुन्हा टंकलेखन करण्याचा नव्हे. बहुधा अंक शाबूत असतात. चुकतो तो तक्ता. पानाच्या आरंभींच तें ‘यूटीएफ-८’मध्यें असल्याचें सांगावें, आणि साठवणीपासून पडद्यापर्यंत हीच पद्धति ठेवावी. मात्र अक्षरांचीं प्रश्नचिन्हें होऊन मजकूर तसाच साठविला गेला, तर मूळ अंकच पुसले जातात. मग कोणताहि तक्ता ते परत आणूं शकत नाहीं. म्हणून दुरुस्तीपूर्वीं मूळ प्रत जपावी.

मराठीस आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ ह्यांत गुरु आणि स्वयंपाकी एवढें अंतर आहे, व तें सारें एका अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे. युनिकोडनें त्याची सोय केली, पण दोन रीतींनीं. डोळ्यांस त्या सारख्या दिसतात. शब्द शोधणाऱ्या यंत्रास त्या भिन्न ठरूं शकतात. तक्ता एक झाला, तरी लिहिण्याची रीत एक करणें आपल्याकडेच उरतें.