'वासा'चे पिवळे डाग

पिवळा डाग दिसला की आपल्या डोक्यात पहिला विचार एकच येतो: पुसून टाका. मग ती भिंत असो, शर्ट असो नाहीतर बोटीचं अंग. मीही त्यातलाच. सर्व्हरवर एरर दिसली की आधी रीस्टार्ट, मग विचार. म्हणूनच स्टॉकहोममधल्या एका जुन्या जहाजावरच्या डागांची गोष्ट वाचली तेव्हा जरा ओशाळायला झालं.

जहाजाचं नाव 'वासा'. (आपल्या छपराच्या वाशाशी संबंध नाही, ते स्वीडनच्या तेव्हाच्या राजघराण्याचं नाव.) राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने हौसेने बांधून घेतलेलं ६४ तोफांचं, ओकच्या लाकडाचं लढाऊ जहाज. १० ऑगस्ट १६२८ ला ते पहिल्याच सफरीवर निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं, वाऱ्याच्या झोताने कलंडलं, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि बंदरातच बुडालं. वरचा डोलारा जड आणि तळाशी वजन कमी, दुसरं काय होणार!

पण खरी गंमत पुढे आहे. लाकडी जहाज ३३३ वर्षं पाण्याखाली राहिलं आणि तरी जवळजवळ अख्खंच्या अख्खं वर आलं. कसं? एक तर बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा टेरेडो तिथे तग धरत नाही. आणि दुसरं म्हणजे चक्क गटार! स्टॉकहोम शहराचं सांडपाणी पिढ्यान् पिढ्या त्या बंदरात जात होतं. त्यामुळे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन उरला नाही आणि लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक जीवांचं तिथे काही चाललं नाही.

२४ एप्रिल १९६१ ला 'वासा' पाण्याबाहेर आलं. मूळचे लोखंडी खिळे केव्हाच गंजून गेले होते, म्हणून त्या जागी हजारो नवे लोखंडी बोल्ट ठोकले. ओलं लाकूड तसंच सुकलं असतं तर आक्रसून तडकलं असतं, म्हणून त्यावर १९६२ ते १९७९ अशी सतरा वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा फवारा मारला. लाकडातल्या पाण्याची जागा हे मेणासारखं रसायन घेतं. मग आणखी काही वर्षं सावकाश सुकवणं. १९९० मध्ये संग्रहालय उघडलं. झालं, प्रोजेक्ट क्लोज!

नाही झालं. २००० सालचा उन्हाळा पावसाळी गेला. भिजलेल्या प्रेक्षकांची गर्दी, हॉलमध्ये दमट हवा, आणि जहाजावर जागोजागी पांढरे-पिवळे डाग उमटले.

इथे कुणीतरी फडकं घेऊन ते पुसले असते तर विषय तिथेच मिटला असता, निदान वरवर तरी. पण त्यांनी डाग तपासले. त्यात सल्फेटचे क्षार होते, आणि ओलसर जागी लाकूड चांगलंच आम्लधर्मी झालं होतं. शोध घेता घेता गाडी पुन्हा त्या गटारापाशी आली. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात (सडक्या अंड्यांचा वास येतो तोच वायू). त्यातलं गंधक शतकानुशतकं लाकडात मुरत गेलं. हवा लागल्यावर त्याचं सल्फ्युरिक आम्ल होऊ लागलं आणि गंजलेल्या खिळ्या-बोल्टांच्या लोखंडाने त्या क्रियेला हातभार लावला. २००२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधात हिशोब होता: लाकडात सुमारे २ टन गंधक, आणि त्यातून पुढेमागे ५ टनांपर्यंत आम्ल.

म्हणजे ज्या घाणीने जहाज वाचवलं, तिनेच त्याला आजार दिला. आणि ज्या बोल्टांनी ते जोडून ठेवलं, ते त्या आजाराला खतपाणी घालत होते. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते असं!

उपाय म्हणून आधी सोड्याच्या द्रावणाचे लेप लावून पाहिले. पण त्याने फक्त वरचं आम्ल मारलं जातं, आतलं तसंच राहतं. मग मुळावर घाव घातला. २००४ मध्ये हवा नियंत्रित करणारी नवी यंत्रणा बसवली, कारण दमटपणा वर-खाली होऊ लागला की क्षार पृष्ठभागावर येतात. आणि २०११ ते २०१८ या काळात पाच हजारांहून जास्त जुने बोल्ट एकेक करून काढले आणि खास स्टेनलेस स्टीलचे नवे बसवले.

गंधक मात्र आजही आतच आहे. ते पूर्णपणे काढता येत नाही, फक्त त्याला शांत ठेवता येतं. म्हणून तिथली मंडळी हवा आणि लाकूड सतत मोजत बसतात.

मला राहून राहून वाटतं, तो उन्हाळा कोरडा गेला असता तर? आतलं आम्ल वाढतच राहिलं असतं आणि वरून जहाज छान दिसत राहिलं असतं. आपण ज्याला डाग म्हणतो, ती त्या जहाजाने लिहिलेली एकमेव एरर लॉग होती.

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर रीस्टार्ट मारायच्या आधी लॉग वाचीन म्हणतो.