वाळीत टाकण्याची भीती आणि काही साक्षी

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात खांदेरी आणि उंदेरी दिसतात. उत्तरेला, पाण्यापलीकडे, मुंबई. या पट्ट्यात ‘वाळीत टाकणं’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावकीने ठरवलं की लग्नाला कुणी येत नाही, दुकानात माल मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. गेल्या दशकात रायगड जिल्ह्यातून अशा इतक्या तक्रारी आल्या की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

हेच हत्यार १८६१ मध्ये पलीकडच्या मुंबईत एका धर्मगुरूला वाचवण्यासाठी उपसलं गेलं होतं.

‘महाराज’ हा २०२४ चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर पाहिला असेल. त्यामागची खरी गोष्ट अशी. करसनदास मुळजी हा कपोळ वाणी समाजातला तरुण पत्रकार. ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात त्याने १८६० मध्ये लिहिलं, की वैष्णव हवेल्यांमधले महाराज भक्तांच्या लेकीसुनांचं शोषण करतात. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर आणि छापखान्याचे नानाभाई राणिना यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. मागणी होती ५०,००० रुपयांची.

आरोप नवे नव्हते. कुजबुज घरोघरी होती. प्रश्न एवढाच होता, की कोर्टात उभं राहून हे बोलणार कोण? भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी सभा घेऊन ठरवलं, की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. करसनदासने या कटाविरुद्धच वेगळी फिर्याद केली. मूळ खटला सुरू होण्याआधीच त्या पुढाऱ्यांना दंड झाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. साक्षीदाराला वाट मोकळी झाली.

जानेवारी १८६२ मध्ये सुनावणी सुरू झाली. लखमीदास खिमजी आणि मथुरादास लवजी हे भाटिया व्यापारी आपल्याच समाजासमोर बोलले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी सांगितलं, की महाराजांवर गुप्तरोगासाठी आपण उपचार केले होते. २२ एप्रिलला निकाल लागला. लेखातले आरोप खरे ठरले. न्यायाधीश अर्नोल्ड यांचं म्हणणं होतं, की जे नीतीने चूक आहे ते धर्माच्या नावाने बरोबर ठरत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. व्यापारी बोलले, डॉक्टर बोलले, पाद्री बोलले. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या बायकांचा आवाज त्या कागदपत्रांत जवळजवळ ऐकू येत नाही.

पुढची गोष्टही सरळ नाही. बहिष्कार रोखणारा कायदा मुंबई प्रांताने १९४९ मध्ये केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये, म्हणजे त्या निकालानंतर बरोबर शंभर वर्षांनी, रद्द केला. महाराष्ट्राने पुन्हा सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१६ चा. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामागे रायगडमधल्या तक्रारींचा मोठा वाटा होता.

हवेली असो, चर्च असो, मदरसा असो की आश्रम, चित्र फारसं बदलत नाही. बोस्टनच्या कॅथलिक चर्चचं प्रकरण २००२ मध्ये वर्तमानपत्राने बाहेर काढलं. तिथेही वरिष्ठांना तक्रारी आधीपासून ठाऊक होत्या. ते फक्त पाद्र्यांच्या बदल्या करत होते. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचं बंधन घातलं आहे. धर्मगुरूंनाही त्यातून सूट नाही.

पण कायदा कागदावर असतो आणि मयत दारात. गावातलं कुणी उद्या बोललं, तर त्याच्या दारात आपण जाणार का, हे ठरवणं आपल्या हातात आहे. १८६१ मध्येही सगळं तिथेच अडलं होतं.