बेने इस्रायल, हिटलर आणि आपण

नागपूरच्या नंदनवनात किंवा मोमिनपुऱ्यात आज ज्यू शेजारी सापडणे कठीण. तरी हिटलरचे नाव निघाले की काही मुले कौतुकाने बोलतात. फिलिस्तीनवरच्या जुलमाचा राग त्यांच्या मनात असतो. तो राग आमच्याही मनात आहे. पण आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. मुलांना अर्धा इतिहास देऊन आमचे काम संपत नाही.

ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ १७९६ सालचे. त्यालाही लोक मशीदच म्हणत.

त्याच धर्माच्या माणसांचे जर्मनीतले नागरिकत्व १९३५ च्या कायद्याने गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनास्थळे जाळली गेली. पोलंड जिंकल्यावर वॉर्सात चार लाखांहून अधिक ज्यू भिंतीआड कोंडले आणि १९४२ च्या उन्हाळ्यापासून त्यांना रेल्वेने ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेले. युरोपात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.

काही जण मुंबईत पोचले. त्यांच्यासाठी इथल्या ज्यूंनी १९३४ मध्ये मदत संस्था काढली. त्याच वर्षी प्रागहून आलेले वॉल्टर कॉफमन आकाशवाणीच्या ओळखधूनीचे कर्ते मानले जातात. १९३९ मध्ये युद्ध पेटताच जर्मन पासपोर्टमुळे इंग्रजांनी कित्येक निर्वासितांना 'शत्रू' ठरवून अहमदनगरच्या छावणीत टाकले. हिटलरने हाकलले ते ज्यू म्हणून, इंग्रजांनी पकडले ते जर्मन म्हणून!

या काळात मुसलमान कुठे होते? जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी १९४१ मध्ये बर्लिनमध्ये हिटलरला भेटले, हे लपवू नये. पण साराजेवोच्या संग्रहालयातले दरवेश कोरकुत यांनी १९४२ मध्ये ज्यूंचा शेकडो वर्षांचा धर्मग्रंथ नाझींपासून वाचवला आणि एका ज्यू मुलीला घरात आसरा दिला. अल्बानियातल्या मुसलमान कुटुंबांनी दिलेला शब्द पाळून ज्यूंना लपवले. युद्ध संपले तेव्हा त्या देशात आधीपेक्षा जास्त ज्यू होते.

आता नागपूर. मा. स. गोळवलकर यांच्या नावाचे राष्ट्रीयत्वावरचे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये इथूनच निघाले. जर्मनीने ज्यूंचे जे केले, त्यात हिंदुस्थानने शिकण्याजोगा धडा आहे, असे त्यात लिहिले होते. २००६ मध्ये संघाने त्या पुस्तकापासून हात झटकले. पण तो धडा कोणावर गिरवायचा होता, हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही.

मग आपल्याच मुलाने हिटलरची तारीफ करावी? भायखळ्याच्या ज्यूंनी काढलेल्या जेकब ससून शाळेत कित्येक वर्षे बहुतेक मुले मुसलमानच शिकत आली. फिलिस्तीनसाठी जरूर बोलावे, दुआ करावी. मात्र मजलूमाची बाजू घेताना दुसऱ्या जालिमाचा जयजयकार करू नये.